‘उद्या पाठवतो’चा पाठपुरावा करणारा एआय सहायक कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत सीएनसी जॉबवर्कचं (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर दुसऱ्यांचे सुटे भाग करून देण्याचं) छोटं युनिट, वीसेक माणसं. प्लेटिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले, छोटे ग्राहक व्हॉट्सॲपवर. मोठ्या कंपन्या ईमेलवर. आणि निम्मं बोलणं फोनवर. कोणी काय कबूल केलं, आपण कोणाला काय शब्द दिला, हे डोक्यात राहत नाही. पायथन जुजबी येतं. कोणती एजंट फ्रेमवर्क (एआयकडून कामं करवून घेणाऱ्या प्रोग्रामचा तयार सांगाडा) घ्यावी, कॉल रेकॉर्डिंग जोडावं का, आणि सेल्सच्या मुलांचे फोनही त्यात आणावेत का?

फ्रेमवर्कचं आधी मिटवतो: कोणतीच नको. संदेश आत घेणारा एक छोटा प्रोग्राम, एसक्यूएलाइटचा डेटाबेस, ठरल्या वेळी चालणारं क्रॉन आणि भाषा-मॉडेलला करायचे दोन प्रकारचे कॉल (म्हणजे मजकूर पाठवून उत्तर घेणं, फोन नव्हे) एवढ्यात हे काम बसतं. एक कॉल संभाषणातून कबुली शोधतो, दुसरा फॉलो-अपचा मसुदा लिहितो. मध्ये काय घडतं ते सगळं साध्या कोडने ठरवायचं: कोणती कबुली उघडी, कोणती उशिरा, कोणाला कधी आठवण. क्लॉड, जीपीटी, जेमिनी यांतलं कोणतंही चालेल. मॉडेल निवडण्यात घालवलेला आठवडा ‘आपण कबुली कशाला म्हणतो’ हे ठरवण्यात घालवलात तर जास्त उपयोग होईल.

या विषयाला जुना इतिहास आहे आणि तो माहीत असला की बऱ्याच चुका वाचतात. फर्नांडो फ्लोरेस हे चिलीचे राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारात अर्थमंत्री होते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात काढून ते अमेरिकेत गेले. तिथे स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की ऑफिसातलं काम म्हणजे नुसती माहितीची ये-जा नाही, ती मागणी आणि कबुली यांची साखळी असते. एक जण मागतो. दुसरा हो म्हणतो, नाही म्हणतो किंवा वेगळी तारीख सुचवतो. मग तो ‘झालं’ असं कळवतो, आणि मागणारा ‘मिळालं, ठीक आहे’ म्हणतो तेव्हा कुठे साखळी पुरी होते. ऐंशीच्या दशकात याच विचारावर ‘द कोऑर्डिनेटर’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. त्यात संदेश लिहितानाच तो मागणी आहे की कबुली हे सांगावं लागे, आणि अनेकांना तो जाच वाटला. मानववंशशास्त्रज्ञ लुसी सचमन यांनी पुढे नव्वदच्या दशकात त्यावर टीका केली, तिचा रोख असा की बोलण्याला अशी लेबलं लावणं हे माणसांना शिस्त लावण्याचं, त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचं साधन बनतं.

आज लेबलं मॉडेल लावतं, म्हणजे टंकण्याचा त्रास संपला. सचमन यांचा आक्षेप मात्र जिथल्या तिथे आहे. आपला शब्द कोणीतरी टिपून ठेवतंय हे कोणालाच रुचत नाही, मग तो प्लेटिंगवाला असो की तुमचा डिस्पॅचचा मुलगा. म्हणून माझा सल्ला एकच, आणि पुढचं सगळं त्यावरून निघतं: पहिली आवृत्ती फक्त तुम्ही स्वतः दिलेल्या शब्दांची बांधा. दुसऱ्यांनी तुम्हाला काय देणं लागतंय ते नंतर. तुमचे संदेश तुमच्या मालकीचे आहेत, चूक झाली तर भोगणारे तुम्हीच, आणि मॉडेलने टिपलेलं खरं की खोटं हे तुम्हाला क्षणात कळतं.

आता कबुलीची व्याख्या. हे कागदावर लिहून काढा, कारण मॉडेलला द्यायची सूचना म्हणजे हाच कागद. ‘उद्या संध्याकाळी ड्रॉइंग पाठवतो’ यात प्रश्न नाही. ‘बघतो’ ही कबुली नाही, पण ती फेकूनही देऊ नका. ‘संदिग्ध’ अशा वेगळ्या खात्यात ठेवा. ‘होऊन जाईल’ यात काम आहे, करणारा नाही. ‘मटेरियल आलं की दोन दिवसांत देतो’ ही सशर्त कबुली: तिची मुदत आज सुरूच होत नाही, मटेरियल आल्याची नोंद पडल्यावर होते. हिला तारीख चिकटवली की सहायक रोज खोटी ओरड करणार. ‘उद्या जमणार नाही, सोमवारी बघू’ यात नकार आहे आणि सोमवारची कबुली नाही, पण मॉडेल हमखास सोमवार टिपतं. आणि सर्वांत अवघड म्हणजे ग्राहकाने विचारलेलं ‘शुक्रवारी मिळेल ना?’ आणि त्यावर तुमचं ‘हो’, किंवा नुसता अंगठा. अख्खी कबुली त्या एका अक्षरात असते. त्यामुळे मॉडेलला एकेक संदेश सुटा देऊन चालत नाही. त्याच माणसाबरोबरचे आधीचे दहा-पंधरा संदेश सोबत द्यावेच लागतात.

रोमन लिपीतलं मराठी, मधूनच हिंदी, मधूनच इंग्रजी या खिचडीची काळजी करू नका, आताची मोठी मॉडेलं ती बऱ्यापैकी वाचतात. लिप्यंतराची वेगळी पायरी घालू नका, तिथे नावं बिघडतात.

मॉडेलकडून उत्तर ठरलेल्या साच्यातच मागा: कोणी, कोणाला, काय, मुदतीचे मूळ शब्द, अट असल्यास अट, आणि ज्या वाक्यावरून हे काढलं ते वाक्य जसंच्या तसं. हा शेवटचा रकाना सोडू नका. तुमच्या कोडने ते वाक्य मूळ संदेशात अक्षरशः सापडतं का हे तपासायचं, आणि सापडलं नाही तर ती नोंद टाकून द्यायची. मॉडेलने मनाने रचलेल्या कबुल्या या एका ओळीच्या तपासणीत बहुतेक गळतात. मॉडेलला ‘खात्री किती टक्के’ असं विचारणं मी सोडून दिलं आहे. त्या आकड्यावर निर्णय घेण्यासारखं काही नसतं.

मुदतीचे ‘मूळ शब्द’ असं मुद्दाम म्हटलं. तारीख मॉडेलला काढू देऊ नका. त्याने ‘आठ दिवसांत’ एवढंच उचलायचं, तारीख कोडने काढायची. आपण आठ दिवस म्हणतो तेव्हा आठवडा म्हणायचं असतं आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, हे कोडमध्ये एकदा लिहिलं की कायमचं सुटतं. मॉडेल एकदा सात मोजेल, एकदा आठ. ‘परवा’ दोन्हीकडे जातो, तिथे क्रियापद पाहावं लागतं: ‘परवा पाठवलं’ आणि ‘परवा पाठवतो’. मोजणी नेहमी संदेश लिहिला त्या वेळेपासून करायची, प्रोग्रामने तो वाचला त्या वेळेपासून नव्हे. रात्री साडेअकराला आलेला ‘उद्या’ साडेबाराला वाचला तर एक दिवस सरकतो. सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत, हेही त्यातच आलं.

सणांचा तक्ता लागतोच. आपल्याकडे निम्म्या मुदती ‘गणपती झाले की’, ‘दसऱ्यापर्यंत’, ‘दिवाळीनंतर’ अशा असतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली. दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरवर. मागच्या वर्षीच्या अंदाजाने चालणारा सहायक इथे जवळजवळ तीन आठवडे चुकतो. दरवर्षी पंचांग बघून हाताने वीस ओळी भरा, यात हुशारी करायची गरज नाही. ‘गणपती झाले की’ म्हणजे दीड दिवसाचे की अनंत चतुर्दशीचे, हे मात्र कोणताच तक्ता सांगणार नाही. तिथे सहायकाने तुम्हालाच विचारावं.

कामाचा दिवस प्रत्येकासाठी वेगळा असतो हेही विसरू नका. भोसरीत गुरुवारी सुट्टी, मुंबईच्या ग्राहकाला रविवारी. ‘दोन दिवसांत’ बुधवारी म्हटलं तर ते कोणाचे दोन दिवस? ज्याने शब्द दिला त्याचे धरा. संपर्कांच्या यादीत प्रत्येकापुढे साप्ताहिक सुट्टीचा रकाना ठेवलात की पुरे.

साठवण रोजमेळ आणि खतावणीसारखी ठेवा. एका तक्त्यात घडलेली प्रत्येक गोष्ट क्रमाने, कधीही न खोडता: कबुली दिली, तारीख सरकली, ‘पाठवलं’ असा दावा आला, मिळाल्याचं कळलं. दुसऱ्या तक्त्यात त्यावरून निघणारी प्रत्येक कबुलीची आजची स्थिती. तारीख बदलली की जुनी पुसून नवी लिहिण्याचा मोह होतो, पण तीच तर कामाची माहिती आहे. एखाद्या कबुलीची तारीख चार वेळा सरकली आहे हे दिसलं की तुम्ही पाचव्यांदा आठवण करत नाही, दुसरा प्लेटिंगवाला बघता किंवा ग्राहकाला वेळेत फोन करून खरं सांगता.

एकच कबुली तीन ठिकाणी येते, हा पुढचा अडथळा. ईमेलवर ‘शुक्रवारी’, व्हॉट्सॲपवर ‘हो सर, शुक्रवार नक्की’, फोननंतर पुन्हा तेच. यासाठी सरसकट वेक्टर डेटाबेस (अर्थाने जवळचे मजकूर शोधून देणारा साठा) सुचवला जातो. तुमच्या आकाराच्या युनिटमध्ये एका माणसाबरोबर उघड्या कबुल्या असून असून किती असतील? त्या सगळ्या मॉडेलसमोर क्रमांक घालून ठेवा आणि विचारा: हा नवा संदेश यातल्या कशाबद्दल आहे, का नवीनच आहे, का यातलं काही पूर्ण झाल्याचं सांगतो? उत्तर क्रमांकाने येतं, कोड तो क्रमांक यादीत आहे का पाहतो, झालं.

आता बंद करण्याचं. बहुतेक घरगुती प्रयोग इथेच कोसळतात, म्हणून थोडं सविस्तर. ‘पाठवलं’ हा करणाऱ्याचा दावा आहे; काम पूर्ण झालं हे ठरवणारा ज्याला शब्द दिला तो. प्लेटिंग होऊन माल परत आला पण टेस्ट सर्टिफिकेट आलंच नाही, तर ‘पाठवलं’ खरं आहे आणि कबुली उघडीच आहे. म्हणून ‘दावा आला’ आणि ‘बंद’ या दोन स्थिती वेगळ्या ठेवा. दुसऱ्याने तुम्हाला दिलेल्या शब्दाबाबत दाव्यावरून बंदकडे फक्त तुम्ही नेऊ शकता, मॉडेल नाही. तुम्ही ग्राहकाला दिलेल्या शब्दाबाबत अडचण अशी की ग्राहक ‘मिळालं’ असं क्वचित कळवतो. तिथे तिसरी स्थिती ठेवा, ‘बंद धरलं’: चलान क्रमांक नोंदला गेला, ठरावीक दिवस तक्रार आली नाही. पुढे त्याच मालाबद्दल संदेश आला तर ती आपोआप पुन्हा उघडते. मॉडेलला परस्पर बंद करू दिलंत तर ‘ठीक आहे’ या दोन शब्दांवर अर्धी यादी गायब होईल, आणि यादीवरचा विश्वास एकदा गेला की माणूस पुन्हा डोक्यात ठेवायला लागतो. मग सहायक असून नसल्यासारखा.

व्हॉट्सॲपमधून संदेश आत आणण्याबद्दल. तुमचा नेहमीचा नंबर अनधिकृत लायब्ररीने वेब आवृत्तीला जोडण्याचे प्रकार खूप दिसतील. ते नियमांविरुद्ध आहे, नंबर बंद होऊ शकतो, आणि तुमचा सगळा धंदा त्या नंबरवर आहे. त्याऐवजी व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिच्या क्लाउड एपीआयवर (प्रोग्रामने संदेश घेण्या-पाठवण्याची अधिकृत सोय) एक वेगळा नंबर घ्या आणि कामाचे संदेश त्याला फॉरवर्ड करा. फॉरवर्ड झालेल्या संदेशात मूळ पाठवणारा आणि मूळ वेळ राहत नाही, तेव्हा मागोमाग नाव आणि वेळ लिहायची सवय लावा. तुमच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास सहायक तुम्हाला हवं ते लिहू शकतो. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवता येतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यादी येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ईमेलला हा त्रास नाही, फक्त नवा ईमेल आला की प्रोग्रामला कळवणारी जीमेलची सूचना-सेवा वापरलीत तर तिची मुदत सात दिवसांत संपते, ती रोज नव्याने लावायचं क्रॉन ठेवा.

कॉल रेकॉर्डिंग नको. समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं कायद्याच्या आणि संबंधांच्या दृष्टीने वाईट, आणि सांगितलंत तर तो ‘बघतो’च्या पुढे काही बोलणार नाही. फोन ठेवला की सहायकाच्या नंबरवर दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाका: ‘त्यांना सोमवारपर्यंत सुधारित कोटेशन द्यायचंय.’ मराठी आवाज ओळखायला ओपनएआयचं व्हिस्पर आहे, आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची भारतीय भाषांसाठीची मॉडेलं आहेत. कोणतं घ्यायचं ते मशीन चालू असताना बोललेले तुमचेच मेसेज देऊन ठरवा. दोन गोष्टी खास तपासा: माणसांची-कंपन्यांची नावं, आणि दीड, अडीच, सव्वा, पावणेचार हे आकडे. ‘अडीचशे नग’चं काहीतरी भलतंच झालं तर महागात पडतं. म्हणून सहायकाने काय ऐकलं ते लगेच लिहून दाखवावं, आणि नावं तुमच्या संपर्कयादीशी जुळवावीत. एक बारीक गोष्ट: क्लाउड एपीआयने दिलेला ऑडिओचा दुवा पाच मिनिटांत मरतो, तेव्हा फाइल आल्याआल्या उतरवून घ्या.

रोज सकाळी एकच यादी, पाच-सात ओळींची. आज काय द्यायचंय, उद्याचं काय धोक्यात आहे, बस. एकेका कबुलीसाठी दिवसभर टिंगटिंग करणारा सहायक पंधरवड्यात म्यूट होतो. व्हॉट्सॲपवर एका संदेशाला उत्तराची तीनच बटणं देता येतात आणि इथे तीनच लागतात: ‘झालं’, ‘पुढे गेलं’, ‘ही कबुलीच नाही’. तिसरं बटण सर्वांत मोलाचं, कारण ते दाबलेली प्रत्येक नोंद तुमच्या चाचणीच्या साठ्यात जाते.

चाचणीचा साठा म्हणजे असा: तुमच्याच जुन्या चॅटचे दोनेकशे संदेश निर्यात करून घ्या आणि कबुली कुठे आहे ते हाताने खुणा करा. डिस्पॅचवाल्यालाही त्यावर स्वतंत्रपणे खुणा करायला लावा. तुमचं आणि त्याचं जिथे जुळणार नाही तिथे व्याख्या कच्ची आहे. सूचनेत एक शब्द बदलला, मॉडेल बदललं, की हे दोनशे पुन्हा चालवायचे आणि दोन आकडे बघायचे: किती निसटल्या, किती उगाच टिपल्या. दोन्हींची किंमत सारखी नसते. ग्राहकाला दिलेला शब्द निसटला तर ऑर्डर जाते. उगाच टिपलेली ओळ एका बटणाने जाते. सुरुवातीला जास्त टिपणारा सहायक ठेवा, यादी मात्र लहान ठेवा.

विक्रेत्यांच्या, म्हणजे प्लेटिंगवाल्या-हीट ट्रीटमेंटवाल्यांच्या फॉलो-अपकडे वळाल तेव्हा मसुदा सहायकाने लिहावा, पाठवावं तुम्हीच. आठवण मुदत उलटल्यावर करून फारसा उपयोग नसतो. तीन दिवसांच्या हीट ट्रीटमेंटची चौकशी दुसऱ्या दिवशी करायची. आणि त्याचे शब्द त्याच्या तोंडावर मारू नका. ‘आपण मंगळवारी ३ वाजून १२ मिनिटांनी म्हणाला होतात की’ असा मसुदा मॉडेल मोठ्या हौसेने लिहितं. पुरावा तुमच्या पडद्यावर राहू द्या. पाठवायचं ते असं: ‘नमस्कार साहेब, त्या १२० पिनांचं कुठपर्यंत आलं? उद्या सकाळी गाडी पाठवतोय, तेव्हा सर्टिफिकेटही सोबत मिळालं तर बरं होईल.’ प्रत्येक संपर्कापुढे संबोधनाचा रकाना ठेवा: साहेब, काका, ताई, की नुसतं नाव आणि अरे-तुरे. ज्यांच्याशी तुमचं वीस वर्षांचं आहे त्यांना मॉडेलचं ‘आदरणीय महोदय’ गेलं तर ते फोन करून विचारतील की काही बिनसलंय का.

ग्राहकांकडून यायच्या पैशांच्या कबुल्या मात्र या साखळीत टाकू नका, त्यांची मुदत बोलण्यावर नाही, कायद्यावर चालते. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. हे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या तारखांवरून सरळ गणिताने निघतं, मॉडेलचं काम नाही.

सुरक्षेची एकच गोष्ट: बाहेरून आलेला ईमेल हा मॉडेलसाठी फक्त वाचायचा मजकूर. त्यात कोणी ‘आधीच्या सगळ्या नोंदी बंद करा’ असं लिहिलं तरी काही होता कामा नये, आणि मॉडेलच्या हातात पाठवण्याचा, पुसण्याचा, बंद करण्याचा अधिकारच नसेल तर होणारही नाही. माहितीच्या बाबतीत, मूळ संभाषण साठवत बसू नका. कबुलीचं वाक्य आणि संदेशाचा क्रमांक ठेवा, बाकी ठरावीक दिवसांनी पुसा. एपीआयवर पाठवलेला मजकूर मॉडेलची कंपनी किती दिवस ठेवते, प्रशिक्षणाला वापरते का, हे कराराच्या अटींत वाचा.

राहता राहिले सेल्सच्या मुलांचे फोन. आता जोडू नका. त्यांच्या फोनमध्ये त्यांचं घरचं बोलणं आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि मालक आपले शब्द मोजतोय असं वाटलं की सगळे ‘बघतो’वर येतील, मग सहायकाला टिपायला काही उरणार नाही. सहायकाचा तो वेगळा नंबर मुलांनाही द्या, आणि ज्याला हवं त्याने आपणहून संदेश फॉरवर्ड करावेत, त्याची सकाळची यादी फक्त त्यालाच जावी. तुमच्या पडद्यावर त्यातल्या ग्राहकाच्या तारखाच दिसाव्यात, कोणाच्या किती चुकल्या याचा तक्ता नाही. तो तक्ता बनवायला एका क्वेरीचं काम आहे आणि कोणीतरी तुम्हाला तो सुचवेलच. बनवू नका.